बेबाक्कानं पास केलेला घाणा

बेबाक्का माझी मोठी जाऊ. तिच्याबद्दल आता लोक काहीबाही बोलतात. कोणी म्हणतं तिनं धुळ्याच्या शेठला फसवलं, कोणी म्हणतं शेठनं तिला फसवलं. दोन्ही खोटं. त्या दिवशी मी तिथं उभी होते, माझ्या या दोन डोळ्यांनी बघितलंय. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं खुशाल उठून जावं, मी काही कोणाला हाताला धरून बसवत नाही.

मी लग्न होऊन असोद्याला आले तेव्हा माझे जेठ, बेबाक्काचे मालक सुकदेव, नुकतेच गेले होते. बेबाक्काला मूलबाळ नाही. शेत सासऱ्यांच्या नावावर, ते पुढं माझ्या नवऱ्याच्या, निंबाच्या नावावर चढलं. घर त्याच्याच नावावर. रेशनकार्डावर तिचं नाव होतं, तेही माझ्या नवऱ्याच्या नावाखाली. ती कधी चकार शब्द बोलली नाही. सकाळी केळीच्या बागेत निंदायला, दुपारी ढोरांचं पाणी, संध्याकाळी चूल. पण मसाला करायला बसली की तिच्यापुढं आमच्या सासूचीही बोलायची छाती नव्हती, आणि आमची सासू म्हणजे काय होती ते सगळ्या असोद्याला विचारा.

काळा मसाला आमच्याकडं घरोघरी होतो, त्यात काय मोठं? पण बेबाक्काचा वेगळा. कांदा उन्हात कडक वाळवून तेलात तळायचा, लसूण, खोबरं, धने, मिरची, सगळं वेगवेगळं भाजायचं, मग कुटायचं. कुटून झालं की ती चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. आम्ही सगळ्या बाया श्वास धरून बसायचो. ‘धने अजून’ म्हणाली की धने अजून, त्यावर वाद नाही. लग्नसराई आली की गावातल्या बाया डबे घेऊन ओट्यावर रांग लावायच्या.

आमच्या गावचे एक मास्तर बदलीनं धुळ्याला गेले आणि जाताना डबाभर मसाला घेऊन गेले. त्यांच्या शेजाऱ्यांनी खाल्ला, त्यांच्या पाहुण्यांनी खाल्ला, आणि जो तो आग्रा रोडवरच्या चंपालालच्या किराणा दुकानात जाऊन विचारायला लागला, असोद्याचा तो मसाला आहे का म्हणून. चंपालाल मारवाडी जैन, तरणा माणूस, धंद्याला चलाख. दुकानामागं त्याचं गोदाम होतं, तिथं हळद-मिरची कुटायचं यंत्र बसवलेलं. एक दिवस तो पत्ता शोधत आमच्या ओट्यावर येऊन बसला.

माय वं, काय ती तऱ्हा! असोद्याला आलेला पाहुणा, त्याला भरीत-भाकरी वाढली, तर म्हणे वांगं चालत नाही. बरं, पिठलं? त्यात कांदा. ठेचा? त्यात लसूण. ‘मग हा माणूस खातो काय?’ असं मी चांगलं मोठ्यानं विचारलं, तर निंबानं माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका. शेवटी शेठ ताक प्यायला, तेही त्यात काही घातलं नाही ना हे विचारून.

मग त्यानं विषय काढला. “मावशी, मसाला तुमचा, पद्धत तुमची, नाव तुमचं. करणार मी, विकणार मी. पाकिटामागं तुमचा वाटा.”

निंबा म्हणाला, “म्हणजे पद्धत विकत घेणार का?”

“विकत नाही, भाऊ. विकत घेतली तर उद्या मी त्यात काहीही ढवळीन आणि मावशींना बोलायला जागा राहणार नाही. मी वापरायला मागतोय. मी बिघडवलं असं वाटलं तर त्यांनी आपलं नाव काढून घ्यावं.”

“शेत बटाईनं देतात तसं?” मी विचारलं.

“अगदी तसंच, वहिनी. जमीन त्यांची, कसणारा मी.”

बेबाक्का खांबाला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, “पन शेठ, तुम्ही तं खात नही. तुमच्या घरात कोनीच खात नही. मंग बिघडलं हे तुमाले कयनार कसं?”

मला हसू फुटलं, पण शेठ हसला नाही. त्यानं मान डोलावली. “म्हणून तर तुम्ही पाहिजेत. एका वेळी कुटून निघेल तो प्रत्येक घाणा तुम्ही येऊन चाखायचा. तुम्ही पास म्हटल्याशिवाय एक पाकीट बंद होणार नाही. हे मी कागदावर लिहून देतो.”

आणि दिलं त्यानं लिहून, स्टॅम्पपेपरवर, धुळ्याच्या वकिलाकडून. खोटं कशाला बोलू? मग पाकीट छापून आलं. पुढं तिचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो आणि मोठ्या अक्षरात ‘बेबाबाईचा काळा मसाला’. मागं छापलेलं, ‘प्रत्येक घाणा बेबाबाईंनी स्वतः चाखून पास केलेला’. बेबाक्काला वाचता येत नव्हतं. मी सातवी शिकलेली, मी तिला वाचून दाखवलं. तिनं नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे मीच का व?” मी रडले. ती रडली नाही, पाकीट देवाजवळ ठेवून चुलीकडं गेली.

पुढची दोन-तीन वर्षं छान गेली. बेबाक्का महिन्याला एकदा सकाळच्या एस.टी.नं जळगावला, तिथून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जायची, घाणा चाखायची, दिवस बुडायच्या आत परत. गोदामात भट्टीवर शेवंताबाई होती, शिंदखेड्याकडची. भाजण्या-तळण्याचं सगळं तिच्याकडं. दोघींचं चांगलं जमलं होतं. मसाला खानावळींत गेला, हायवेच्या ढाब्यांवर गेला. एस.टी.तला कंडक्टर तिला बसायला जागा करून द्यायचा, म्हणायचा, ‘मसालावाल्या मावशी आल्या.’ ती लाजायची, पण घरी येऊन मला सांगायचीच.

ब्याण्णव साली, थंडीत, ती माळ्याच्या शिडीवरून पडली. डोक्याचा मागचा भाग उंबऱ्याच्या दगडावर आपटला. जळगावच्या दवाखान्यात नेली, टाके पडले, आठवडाभरात उठून बसली, सगळ्यांना नावानं ओळखलं. आम्ही देवाला नारळ फोडला. सगळं नीट झालं असं सगळ्या गावाला वाटलं.

मला कळलं आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला. त्या दिवशी माहेरवाशिणी आलेल्या, घरात गोंधळ, आणि माझ्या हातून खिरीचं दूध करपलं. असं करपलं की वास ओट्यापर्यंत गेला. पोरं नाक धरून पळाली. बेबाक्कानं मात्र वाटीभर खीर खाल्ली आणि म्हणाली, “मस्त झाली व, कुंदे.” सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं ती माझं मन राखतेय. पण बेबाक्का आणि मन राखणार, तेही खाण्याच्या बाबतीत?

मी तिला गोठ्यामागं गाठलं. “अक्का, खरं सांगा. तुमाले वास येत नही.”

आधी ती चिडली. मग गोठ्याच्या भिंतीला टेकून खालीच बसली. “पडल्यापासून नही येत. गोड कयते, खारट कयते, तिखट झोंबते. पन धने काय अन् जिरं काय, खोबरं काय अन् लाकडाचा भुसा काय, सारं सारखंच. भाकर खाल्ली काय अन् माती खाल्ली काय.”

“मग त्या घाण्यांचं काय? तुम्ही तर दोनदा धुळ्याला जाऊन आल्या!”

मी म्हटलं, शेठला सांगून टाका. त्यावर ती माझ्याकडं बघून जे बोलली ते मला अजून टोचतं. “पद्धत त्यायले शिकवली. नाव त्यायच्या पाकिटावर हाये. माझी मनून एक जीभ होती. ते गेली हे सांगितलं, तं माझं काय राह्यलं व तिथं?”

मी म्हटलं, मी येते, मी चाखते. तर म्हणे, शेठ विचारील ही कशाला चाखते, मग काय सांगू? आणि माझंही खरं सांगते, अंगावरचं पोर, दोन म्हशी, मला महिन्याच्या महिन्याला धुळं कसं जमणार होतं?

तिनं आपली एक युक्ती काढली होती. घाणा आला की ती शेवंताबाईला म्हणायची, ‘तू आधी चाख.’ आणि शेवंताच्या तोंडाकडं बघायची. शेवंताचं तोंड म्हणजे उघडं कवाड, मनात आलं की चेहऱ्यावर आलं. भुवया चढल्या की बेबाक्का म्हणायची, ‘काय कमी वाटते, सांग पाहू?’ शेवंता सांगायची, आणि अक्का मान डोलवायची, ‘बरोबर.’ शेवंता बिचारी खूश, अक्का माले शिकाडी राह्यनी म्हणून. असे घाणे पास होत गेले आणि मसाल्याला कोणी नाव ठेवलं नाही. मी मात्र दर महिन्याला ती परत येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचे.

मग आषाढ आला. कांदेनवमीला आम्ही कांद्याची भजी, भरीत, सगळं पोटभर खाल्लं. नवमी झाली की आमच्याकडं पुष्कळ घरी कांदा, लसूण, वांगं बंद, ते थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. चातुर्मासाचा नियम. कोणी धरतं, कोणी धरत नाही. त्या वर्षी शेवंताबाईनं धरला होता, आणि अगदी कडक धरला होता. तिच्या लेकीचा गर्भ दोनदा पडला होता. आता पुन्हा दिवस राहिले होते. हे तरी नीट पार पडू दे म्हणून आईनं कांद्या-लसणाचा कणही तोंडात न घालण्याचा नियम घेतला होता.

श्रावणात बेबाक्का धुळ्याला गेली. घाणा समोर आला. ती नेहमीसारखी म्हणाली, “तू आधी चाख.” शेवंता म्हणाली, “मना नियम शे, अक्का. कार्तिकीलोंग नई. तुम्हीच चाखा.”

आता बघा. शेठच्या घरात जन्मात कोणी कांदा-लसूण खाल्लेला नाही. भट्टीवरची बाई नियमानं खाणार नाही. बाकीच्या बाया म्हणायच्या, अक्का असताना आम्ही कोण चाखणार? म्हणजे त्या अख्ख्या गोदामात चाखणारी एकटी बेबाक्का, आणि तिलाच कळत नव्हतं. तिनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, नेहमीएवढा वेळ थांबली आणि म्हणाली, “पास.”

घरी आल्यावर तिनं मला हे सांगितलं. मी इतकी चिडले, इतकी चिडले की भांडी आपटली. तोंडाला येईल ते बोलले. ‘लोकायच्या पोटात काय घालू राह्यल्या तुम्ही?’ इथपर्यंत बोलले. ती ऐकून घेत बसली. पुढचे दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. रस्त्यानं मोटारसायकल वाजली तरी ती दचकून दाराशी यायची.

आणि यायचा तो निरोप आलाच. ग्रामपंचायतीत फोन आला, चंपालालशेठनं मावशींना उद्याच बोलावलंय, महत्त्वाचं आहे. मी पोर सासूकडं टाकलं आणि तिच्यासोबत निघाले. एस.टी.त खिडकीतून पाऊस आत येत होता, पण तिला खिडकी लावायचंही भान नव्हतं. पारोळ्याला तिनं माझा हात धरला. “शेठले कयलं असंल का व?” मी म्हटलं, “कळलं असलं तर बरंच झालं, सुटलो एकदाचे.” पण माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

गोदामात शिरलो तर सगळ्या बाया भिंतीला लागून उभ्या. मधोमध भाईदास. हायवेवर त्याचा ढाबा, शेवभाजीसाठी नावाजलेला. धिप्पाड माणूस, डोळे लाल. त्याच्या पायाशी मसाल्याच्या पाकिटांचं पोतं आणि हातात शेवभाजीचा डबा. चंपालाल पांढरा फटक पडला होता. दाराजवळ गादीवर त्याची आई, भंवरीबाई, माळ हातात धरून बसलेली. भट्टीपाशी शेवंताबाई, डोळे सुजलेले.

“आल्या! यांनाच विचारा!” भाईदास गरजला. “ट्रकवाल्यांनी ताटं फेकली माझ्या अंगावर. कुबट, बुरशीचा वास! कढईत टाकला की बाहेर पडतो. मी तुमच्या नावावर विश्वास ठेवून घेतो, बाई!”

त्यानं डबा उघडला. मी वाकून वास घेतला आणि मला मळमळलं. पावसात कांद्याच्या पोत्याला ओल लागलेली असणार. कांदा आतून बुरसलेला, तळला तेव्हा मिरच्या भाजतानाच्या ठसक्यात कोणाला कळलं नाही. बेबाक्कानंही वाकून वास घेतला. तिचा चेहरा कोराच राहिला.

चंपालाल म्हणाला, “मावशी, तुमच्यावर माझा संशय नाही. घाणा तुम्ही चाखून पास केलाय, म्हणजे तेव्हा माल चांगलाच होता. तुमची जीभ चुकणार नाही. म्हणजे तुम्ही गेल्यावर कोणीतरी यात खराब कांदा मिसळला. चांगला कांदा बाहेर विकला आणि खराब इथं खपवला. पोत्यांच्या खोलीची किल्ली एकीकडंच असते.”

सगळ्यांनी शेवंताबाईकडं बघितलं.

“मी काही करेल नई, शेठ!” ती ओरडलीच. “बठ्ठं मना डोकावर का टाकी राह्यनात? अक्का, तुम्ही तरी सांगा ना!”

मी बेबाक्काला कोपरानं ढोसलं. ती बोलेना. मी पुन्हा ढोसलं. एवढा राग मला जन्मात कोणाचा आला नसेल. एक गरीब बाई हिच्या जिभेपायी चोर ठरतेय, आणि ही नुसती उभी! मी स्वतःच सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाईदास डबा घेऊन पुढं झाला.

“तू काही केलं नाहीस ना? मग खा! माझ्या गिऱ्हाईकांनी खाल्लं ते तूही खा. सगळ्यांसमोर घशाखाली उतरव, मग मानतो.”

“मना नियम शे, भाऊ. लेकसाठे धरेल शे. तिले दिवस शेतस.”

“चोरी करताना नाही आठवला नियम?”

शेवंतानं शेठकडं बघितलं. ज्या माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नियम पाळतात, तो तरी आडवा येईल असं मला वाटलं. चंपालालनं मान खाली घातली. भंवरीबाईच्या हातातली माळ थांबली. शेवंताबाई एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं बघून डब्याजवळ गेली. रडत रडत तिनं बोटं डब्यात घातली. लेकीचं नाव घेत होती ती तोंडातल्या तोंडात, मला ऐकू येत होतं. हात वर आला, अगदी ओठांपर्यंत आला.

बेबाक्कानं असा फटका मारला की डबा भट्टीवर जाऊन आदळला आणि सगळी भाजी जमिनीवर सांडली.

“खाऊ नको!” ती किंचाळली. “खाऊ नको व माय! तिनं काही नही केलं. मले चव लागत नही! मी पडली तवापासून लागत नही! घाणा तवाच खराब होता. मी पास केला. मीच केला!”

बेबाक्कानं शेवंताचे ते भाजीनं माखलेले हात आपल्या पदरानं पुसायला घेतले. बोट न्‌ बोट पुसत होती आणि बोलत होती. “हिच्या तोंडाकडं पाहून पास करत होती मी, शेठ. या खेपेला हिचा नियम होता, मले काहीच कयलं नही. तरी पास मनली.”

भाईदास पोतं तिथंच टाकून, शिव्या देत निघून गेला. मला वाटलं आता शेठ आम्हाला हाकलणार. मी पिशवी उचललीसुद्धा. पण चंपालालनं बायांना बाहेर पाठवलं, गोदामाचं दार ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मावशी, झालं ते झालं. भाईदासला मी समजावतो. ही गोष्ट इथंच राहू द्या. नाव चालू राहील, तुमचा वाटा चालू राहील. यापुढं तुम्हाला यायचीही गरज नाही. घरबसल्या घ्या.”

हे ऐकून बेबाक्का मटकन पोत्यावर बसली. तिचं तोंड बघवेना. गेले कितीतरी महिने ती भीत होती की जीभ गेली हे कळलं तर आपलं इथलं सगळं संपेल. आणि इथं शेठ सांगत होता की जिभेवाचून त्याचं काहीच अडत नाही. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

“मंग इतके दिवस मी एस.टी.नं कायले येत होती, शेठ?” तिनं विचारलं.

शेठ भट्टीवर पडलेला डबा उचलायला वळला.

“नाव उतरवा,” ती म्हणाली.

“मावशी! नाव उतरवलं तर माझ्याकडं विकायला काय उरतं? या भट्टीवरच्या बाया कुठं जातील?”

“तं मंग भट्टी थंडी ठेवा. कार्तिकीले हिचा नियम सुटंल. मंग ही चाखील. ही हो मनली तं माझं नाव लावा. ही नही मनली तं नही. मंग मी लावा मनलं तरी नही, तुम्ही मनलं तरी नही.”

आता शेठ भडकला. “माझ्या पगारावरची बाई मला सांगणार माल विकायचा की नाही? आणि दिवाळी? दिवाळीचा सगळा माल घालवू?”

“मी कोन होती, शेठ? लोकायच्या केयीत निंदनारी बाई होती. माझं ऐकलंच ना तुम्ही?” ती उठून उभी राहिली. “कागदावर तुमीच लिहेल हाये. नाव माझं हाये. मी घेऊन चालली.”

आणि खरंच दाराकडं चालायला लागली. चंपालालच्या कपाळावर घाम. त्याच्याकडं तोड नव्हती हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण मान वाकवायची म्हणजे त्याला जड जात होतं. तेव्हा भंवरीबाई बोलली. “चंपा, आपण हे खात नाही. खाणार पण नाही. तर जी खाते तिचंच ऐकायचं. आणि त्या बाईचा नियम मोडत होता, तेव्हा तू खाली बघत होतास. मी बघितलं.”

शेठचे कान लाल झाले. त्यानं किल्ल्यांचा जुडगा शेवंताबाईच्या पुढ्यात ठेवला आणि दुकानात निघून गेला. तो माफ करा म्हणाला नाही, हेही सांगून ठेवते.

त्या घाण्याची गोदामात उरलेली सगळी पाकिटं बेबाक्कानं स्वतः फाडली. मागच्या अंगणात खड्डा खणला होता, त्यात मसाला ओतायची आणि पाकीट बाजूला टाकायची. तिचाच फोटो, तिचंच नाव, टराटर फाडत होती. मी म्हटलं, द्या मी करते. तिनं दिलं नाही.

तीन महिने भट्टी बंद राहिली. दिवाळी गेली. दुसऱ्या कोणाचे मसाले त्या ढाब्यांवर गेले. गावात बाया विचारायच्या, काय झालं हो, तुमचा मसाला दिसत नाही? मी त्यांना उडवून लावायचे. बेबाक्का मात्र सरळ सांगायची, मला चव लागत नाही म्हणून. सांगून सांगून तिला सवय झाली होती, ऐकणाऱ्यांना होत नव्हती.

कार्तिकी झाली. शेवंताच्या लेकीचं पोट चांगलं वर आलं होतं, आता भीती नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. भट्टी पेटली. पहिला घाणा बेबाक्कानं स्वतः करायचं ठरवलं. दोन दिवस धुळ्याला राहिली, मीही राहिले. कांदा तिनं हातानं निवडला, खोबरं रंगावर भाजलं, धन्यांचा तडतडण्याचा आवाज ऐकून ते उतरवले. घामानं निथळत होती, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिला गुणगुणताना ऐकलं. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

घाणा कुटून झाला. शेठ आला. भाईदासही आला होता, कशीबशी समजूत काढून आणलेला, घड्याळाकडं बघत उभा. शेवंताबाईनं चूळ भरली, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. बेबाक्का तिच्या तोंडाकडं बघत होती.

शेवंतानं डोळे उघडले आणि जमिनीकडं बघायला लागली. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली.

“सांग,” बेबाक्का म्हणाली.

“नई, अक्का,” शेवंता रडवेली झाली. “लसूण करपेल शे. थोडासाच शे, पण शे.”

शेठ पटकन पुढं झाला. “थोडासाच ना? भाईदासभाऊ थांबलेत. मावशींच्या हातचा आहे, चालून जाईल.”

बेबाक्काचे डोळे भरून आले, मी जवळ होते, मला दिसलं. तिच्याच हातचा घाणा, तिच्याच नावाचा, आणि तो करपल्याचं तिला आताही कळत नव्हतं, शेवंतानं सांगितलं म्हणून मानायचं होतं. एक क्षण मला वाटलं ही आता कोसळणार.

“ही नही मनली, ऐकलं ना, शेठ?” ती म्हणाली. “फेका तो घाणा.”

मग तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि लसूण सोलायला बसली.